नोतोला देव जेवायला आले तेव्हा

शालू, जरा जवळ सरक बघू. आधी माझी बोलणी खाऊन घे, मग गंमत सांगते.

परवा फोनवर काय म्हणालीस? "ताई, मला आता दिसतंय काय, की मी सिंगापूरला येऊन बघू?" आणि वर हसलीस. तुझ्या त्या काचबिंदूने उरलीसुरली नजर नेली हे मला ठाऊक आहे, पण अक्कलही नेली की काय? माझा प्रसाद तीन वर्षं तुझ्या मागे लागलाय, आणि तू आपली चिपळूणच्या ओटीवर बसून नाही म्हणतेस. मी तेव्हा काही बोलले नाही. फोनवर भांडायला जमत नाही मला, समोरच्याचा चेहरा लागतो. म्हणून आता लिहून भांडते. नीता तुला वाचून दाखवेल. नीता, बाई, भरभर वाचू नकोस, आणि मावशी मधे बोलली तर थांब.

तर मी डिसेंबरात जपानला जाऊन आले, हे तुला माहीत आहे. टोकियो-बिकियो काही पाहिलं नाही. मी गेले ते नोतो नावाच्या एका आडरानात. जपानच्या पोटातून समुद्रात एक हात बाहेर काढावा तसा तो भाग आहे, आणि त्या हाताच्या पार बोटांपर्यंत आम्ही गेलो. तिथे जे पाहिलं ते तुलाच आधी सांगायचं होतं.

आता आम्ही तिथे कसे पोचलो ते ऐक. प्रसादच्या गोदीत, म्हणजे इथे सिंगापुरात ज्युरोंगला जहाजं दुरुस्त करतात तिथे, ताकेशी म्हणून एक जपानी इंजिनिअर आहे. चाळिशीचा, उंच, आणि बोलायला फार कंजूष. बायको-पोरं नाहीत. दर रविवारी हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाऊन कंटाळायचा, म्हणून प्रसाद त्याला घरी आणायला लागला. आमटीची वाटी दोन्ही हातांनी उचलून असा भुरका मारायचा की मला आपले अण्णाच आठवायचे. नात सई मला आज्जी म्हणते म्हणून तोही आज्जी म्हणतो. गेल्या वसंतात त्याचे वडील गेले. पावसाळ्याच्या सुमारास एकदा जेवता जेवता तो म्हणाला, डिसेंबरात मला घरी जावंच लागेल, आमच्याकडे शेतातले देव जेवायला येतात.

मी वाढता वाढता थांबले. म्हटलं, प्रसाद, नीट विचार त्याला. कोण येतं?

नीटच ऐकलं होतं मी. त्यांच्याकडे भातशेतीचे देव आहेत, नवरा-बायको दोघं. भात कापून झालं, थंडी पडली, की घरातला कर्ता पुरुष शेतावर जातो, त्यांना हाक मारतो, घरी आणतो, आंघोळ घालतो, जेवू घालतो. मग ते थंडीभर घरात राहतात आणि फेब्रुवारीत पुन्हा शेतावर जातात. आणि हे देव दिसत नाहीत. म्हणजे आपल्याला तर दिसत नाहीतच, पण त्यांनाही दिसत नाही. दोघंही आंधळे. कोणी म्हणतं भाताच्या लोंबीचं कूस डोळ्यात गेलं, कोणी म्हणतं वर्षभर मातीखाली राहून नजर गेली.

शालू, मला त्या क्षणी तूच आठवलीस, खोटं कशाला सांगू. आणि आपल्या गौरी आठवल्या. मी म्हटलं, मला न्या. प्रसादला वाटलं, म्हातारी गमतीने म्हणतेय. सुनेला, मेधाला, रजा नव्हती, सई तिच्याजवळ राहिली, आणि आम्ही तिघं निघालो: मी, प्रसाद आणि ताकेशी. पिशवीत मेतकूट, भाजके पोहे आणि लिंबाचं लोणचं. विमानाचं आणि गाड्यांचं पुराण सांगत नाही, ते सगळीकडे सारखंच.

एक गोष्ट मात्र गाडीत झाली ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खिडकीबाहेर समुद्र राखेसारखा दिसत होता. ताकेशीने प्रसादला हळूच सांगितलं, आणि प्रसादने मला, की त्यांची जवळजवळ सगळी शेती आता शेजाऱ्याला कसायला दिलीय, घराजवळचा एक तुकडा तेवढा आईने ठेवलाय. ती एकटीच असते. यंदा वडिलांच्या जागी देवांना आणायचं काम ताकेशीवर आहे. ते तो करणार, पण यंदाचं शेवटचं. जेवणं झाली की आईला सांगणार, देवांना आता कायमचा निरोप दे, हा तुकडाही देऊन टाक, आणि कानाझावा शहरात बहिणीच्या शेजारी फ्लॅट घेतो तिथे ये. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

मला ते बरोबरच वाटलं. मीही गुहागर सोडून आलेच ना लेकाकडे.

वाजिमाचा बाजार

पहिल्या दिवशी आम्ही वाजिमा गावात उतरलो. तिथे सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार भरतो, आणि विकायला सगळ्या बायका. पाठीत वाकलेल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या, गाल थंडीने लाल. समोर सुकवलेले मासे, लाल मुळे, घरचं लोणचं, चिंध्यांच्या बाहुल्या. पुरुष कुठे आहेत म्हणून विचारलं तर ताकेशी म्हणाला, समुद्रावर, नाहीतर घरी झोपलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला "घ्या हो घ्या" म्हणून जी हाक मारतात ती अगदी आपल्या मासळीवालीच्या सुरात. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं.

मला हवे होते मोजे. नऊवारीत थंडी वाजत नाही असं मी सिंगापुरात बसून म्हणाले होते. तिथे वारा आला की पोटऱ्या दगड व्हायच्या. आणि चप्पल सोडायची नाही मला, अंगठा धरायची सवय. तर त्या बाजारात अंगठ्याचे मोजे मिळतात. अंगठा वेगळा, बाकीची बोटं वेगळी, म्हणजे चपलेत थेट बसतात. त्यांच्याही चपला अंगठ्याच्याच की. मी भाव पाडायला गेले, कारण भाव न पाडता घेतलं की मला ते वापरताना टोचतं. त्या बाईने किंमत काही सोडली नाही. पण मी जितक्यांदा मान हलवली तितक्यांदा पिशवीत एकेक मुळा टाकला. शेवटी प्रसाद म्हणाला, आई, पुरे कर, मुळे कोण उचलणार?

तिथून पुढे समुद्राच्या कडेकडेने गेलो. काही गावं दिसतच नाहीत, दिसतं ते बांबूंचं कुंपण, माणसाच्या तिप्पट उंच, आणि त्याच्यामागे अख्खं गाव लपलेलं. वाऱ्यासाठी. आपण पावसाळ्याआधी पडवीला झापं बांधायचो ना, तसं त्यांनी गावालाच बांधलंय. आणि खडकांवर लाटा आपटून इतका फेस होतो की वाऱ्यावर त्याचे पांढरे गोळे उडतात, पिंजलेल्या कापसासारखे. एक माझ्या गालावर येऊन बसला. मी जीभ लावून पाहिली. खारट. प्रसाद म्हणाला, या वयात काय हे. म्हटलं, मग कुठल्या वयात?

डोंगरावरून भाताचे कुणगे पार समुद्रापर्यंत उतरतात. एवढेसे तुकडे, कुणाचा घोंगडीएवढा, कुणाचा सुपाएवढा. ताकेशीने त्यांच्याकडची एक गोष्ट सांगितली: एका शेतकऱ्याने संध्याकाळी आपले कुणगे मोजले तर एक कमी भरला. शोधून शोधून दमला, घरी जायला म्हणून खाली ठेवलेलं गवताचं इरलं उचललं, तर त्याच्याखाली कुणगा. ही गोष्ट त्याला वडिलांनी सांगितली होती. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

फुमिकोबाईंची चूल

ताकेशीच्या आईचं नाव फुमिको. माझ्याच वयाच्या, माझ्याहून अर्ध्या, आणि माझ्याहून दुप्पट चपळ. दारात गुडघे टेकून बसल्या आणि जमिनीला कपाळ लागेल इतक्या वाकल्या. मी काय करू? मीही खाली बसले आणि वाकले. मग उठवेना. शेवटी त्यांनीच मला हात देऊन उठवलं आणि दोघी हसलो. तिथून पुढे आमचं जमलं.

घर लाकडाचं, काळंभोर, वर जाड उतरतं छप्पर. बसायच्या खोलीत मधोमध जमिनीतच चौकोनी चूल, वरून आकड्याला किटली टांगलेली. भिंतीपाशी नाही, कोपऱ्यात नाही, मधोमध, आणि माणसं भोवती. मी शाकाहारी म्हणून त्या काळजीत होत्या, कारण त्यांच्या साध्या वरणपाण्यातही माशाचा अर्क असतो. पण त्यांच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या तिथीला बिनमाशाचं करतात, समुद्रातली पानं आणि सुकी अळंबी उकळून. तेच त्यांनी माझ्यासाठी केलं. म्हणाल्या, तुम्ही रोजच तिथीचं जेवता म्हणा की. मी मेतकूट-भात कालवून दिला. त्यांनी हुंगला, खाल्ला, डोळे मिटले, आणि उरलेल्या मेतकुटाची पुडी सरळ आपल्या फडताळात ठेवली. मला विचारलंही नाही. मला ते फार आवडलं.

आंघोळीचं सांगते, हसू नकोस. त्यांच्याकडे टाकीबाहेर बसून अंग घासून धुवायचं आणि मग कढत पाण्याच्या लाकडी टाकीत गळ्यापर्यंत बसायचं. पाहुण्याला पहिला मान. माझ्यानंतर त्याच पाण्यात बाकीचे बसणार हे कळल्यावर मला कसंसंच झालं. मी टाकीत पाय घातलाच नाही, बाजूला बसून तांब्यातांब्याने पाणी घेतलं. बाहेर आले तर फुमिकोबाईंनी पाण्याला हात लावून पाहिला आणि काळजीने विचारलं, फार कढत होतं का?

जेवणं आटोपल्यावर चुलीभोवती बसलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे असं कोणी घरी येतं का? मग काय, मला तेच हवं होतं. मी आपल्या खड्यांच्या गौरी सांगितल्या. पऱ्ह्यावर, ओढ्यावर जाऊन खडे आणायचे, दारात पायांवर दूध-पाणी घालायचं, गौर कशाच्या पावलांनी आली म्हणून विचारायचं, सोन्याच्या पावलांनी म्हणून सांगायचं, सगळं घर दाखवायचं, जेवू घालायचं, आणि तिसऱ्या दिवशी दहीभाताची शिदोरी देऊन पाठवायचं. मी मराठीत, प्रसाद इंग्रजीत, ताकेशी जपानीत, असं गौर बिचारी तीन घरं फिरून तिथे पोचत होती. सिंगापुरात पऱ्ह्या कुठला, म्हणून मेधा पुलाउ उबीन बेटावर होडीने जाते, किनाऱ्यावरचे खडे उचलते, आणि मुक्याने आणायचे म्हणून होडी, बस, एमआरटीची गाडी असं सगळं तोंड मिटून करते, आणि सई अख्ख्या डब्यात इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारत असते, "मम्मा, व्हाय यू नॉट टॉकिंग लाह?" हे ऐकून फुमिकोबाई मांडीवर हात मारून हसल्या. आमच्याकडे उलट, म्हणाल्या. तोंड मिटलं तर देव हरवतील. शेतापासून ताटापर्यंत बोलतच राहावं लागतं.

मग त्यांनी विचारलं, गौर कोण आणतं?

सवाष्ण, मी म्हटलं. प्रसादने ते समजावून सांगितलं.

"म्हणजे आज्जी नाही?"

मी म्हटलं, हे गेल्यापासून नाही. आता सून आणते.

त्यांनी किटली उचलली, माझ्या पेल्यात चहा ओतला. मग काहीतरी बोलल्या. ताकेशी ते पुढे सांगेना. प्रसादने त्याला दोनदा विचारलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "आई विचारतेय, असं गौरीने सांगितलंय का?"

शालू, तू असतीस तर काय उत्तर दिलं असतंस? आणि त्याही काही मला शहाणपण शिकवायला बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच कुतूहल होतं. आमच्याकडे पुरुषच आणतो, त्या म्हणाल्या, आणि ताकेशीकडे पाहिलं. ताकेशी चुलीतलं लाकूड नीट करायला लागला. ते नीटच होतं.

देवांचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्वयंपाक. सगळं दोन-दोन, कारण जोडपं. लाल चवळीसारख्या दाण्यांचा भात, अळकुड्यांचं शिजवलेलं, टोफू, गोड आंबवलेलं भाताचं पेय, आणि दोन अख्खे मासे, डोक्या-शेपटीसकट. देवाच्या पानात मासा बघून मी जरा सावरून बसले, पण म्हटलं, ज्याचा देव त्याला माहीत काय आवडतं ते. एक दोन पायांचा मुळा होता, माणसासारखा दिसणारा. तो घासून धुवायचं काम मला मिळालं. खाण्यासाठी नाही, मानाचा. आतल्या खोलीत पुढच्या वर्षीच्या बियाण्याची पोती मांडली, तेच देवांचं आसन.

ताकेशीने वडिलांचा ठेवणीतला काळा पोशाख घातला. बाह्या तोकड्या. संध्याकाळ व्हायला आली तसा तो कुदळ घेऊन निघाला. आईने दारातच थांबायचं असतं, चूल पेटती ठेवून. प्रसाद आणि मी छत्री घेऊन मागे मागे, बांधावर उभे राहिलो. पाऊस धड नाही, बर्फ धड नाही, असं काहीतरी पडत होतं. माझ्या अंगठ्याच्या मोज्यांचं पोतेरं झालं. पलीकडच्या बांधावर शेती कसणारा शेजारीही थांबून बघत होता.

ताकेशीने कुदळ जमिनीत मारली. एकदा, पुन्हा, पुन्हा. आता बोलायचं होतं. हाक मारायची, दमलात का म्हणून विचारायचं. तो उभा राहिला. त्याचे खांदे वर गेले, खाली आले. तोंडातून शब्द नाही. वडील करायचे तेव्हा हा लहानपणी ताटाची वाट बघत घरात, पुढे शिकायला बाहेर, पुढे जहाजांवर. शब्द त्याने कधी घेतलेच नव्हते. आणि घेतले असते तरी, रिकाम्या चिखलाशी मोठ्याने बोलायचं, आम्ही बघत असताना! मला वाटलं आपण यायलाच नको होतं. मी प्रसादची बाही ओढली, चल मागे जाऊ. तो म्हणाला, आता हललो तर जास्त वाईट.

भुरभुर अंगावर पडत होती. शेजाऱ्याने मान वळवली, मोठ्या मनाने. ताकेशी तसाच.

मग मागे चिखलात पावलं वाजली. फुमिकोबाई. चांगल्या किमोनोवर घट्ट बांधलेला एप्रन, पायात रबरी बूट. चूल सोडून आल्या होत्या. लेकाला रागावल्या नाहीत, कुदळही घेतली नाही. त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, शेताकडे वाकल्या, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलायला लागल्या. ताकेशी बाजूला झाला. आपणही काहीतरी करायला हवं म्हणून असेल, पण त्याने ते प्रसादला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, आणि प्रसाद मला.

"वर्षभर चिखलात उभे होतात. गारठला असाल. ते नाहीत आता, म्हणून मी न्यायला आलेय. रागावू नका. चला, घरी चूल पेटलीय."

बघ शालू, म्हणजे ते शब्द ताकेशीही बोलतच होता. फक्त दुसऱ्या भाषेत आणि खालच्या आवाजात.

मग आमची वरात निघाली. फुमिकोबाई पुढे, हात असा मागे धरलेला, जसा कुणाचा तरी हात हातात आहे. आणि बोलणं अखंड. इथे बांध अरुंद आहे, माझ्यामागून या. इथे डावीकडे पाणी साचलंय. ही पायरी आहे, सांभाळून. आता उंबरा, जरा उंच पाऊल टाका. आता घरात आलात, ही उजव्या हाताला चूल, ऊब लागतेय ना, बसा, शेकून घ्या. मग आंघोळीची टाकी, घासून ताजं पाणी भरलेली. हात घालून पाणी ढवळलं. गरम आहे, बेतानं उतरा. आणि दार लावून घेऊन बाहेर थांबल्या. आम्ही सगळे थांबलो. काय सांगू, मी पाण्याचा आवाज येतो का म्हणून कान देऊन ऐकत होते. आणि मनात म्हटलं, देव बसले त्या टाकीत, आणि मला तिचा विटाळ वाटला होता.

आंघोळ आटोपली, देव पोत्यांवर बसले, दोन पानं मांडली. फुमिकोबाई ते गोड पेय आणायला स्वयंपाकघरात गेल्या, ताकेशी त्यांच्या मागे. खोलीच्या दाराशी मी आणि प्रसाद. आणि तिथे माझ्या हातून घोटाळा झाला. आपल्याकडे नैवेद्य दाखवला की काय करतात? देव जेवताना बघायचं नाही. दार लोटून घ्यायचं, पाठ करायची. माझे हात आपोआप गेले. कागदी दारं सरकवून मी बंद केली आणि पाठ करून शांत बसले, प्रसादलाही वळवलं.

फुमिकोबाई पेय घेऊन आल्या आणि बंद दारापाशी थबकल्या. कुणी लावलं म्हणून विचारलं. मी अभिमानाने हात वर केला. म्हटलं, जेवतायत ना. ते ताकेशीने ऐकलं आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला, अगदी पोटातून. आईला सांगितलं. त्याही हसल्या, पण लगेच घाईने दार उघडायला लागल्या, आणि म्हणाल्या, "अहो, त्यांना दिसत नाही. कुठल्या वाटीत काय आहे हे कुणी सांगितलंच नाही, तर उपाशी बसतील ना."

दार उघडलं. पानांसमोर बसून त्यांनी एकेक वाटी उचलून सांगायला सुरुवात केली. हा लाल भात, ऊन आहे. ही अळकुडी. मग माशावर हात आला आणि त्या थांबल्या. बंदरावर जाऊन मासे निवडून आणायचं काम त्यांच्या नवऱ्याचं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग ताकेशी गुडघ्यांवर पुढे सरकला. आईच्या शेजारी, पानांसमोर. माशाच्या ताटलीला हात लावला आणि बोलायला लागला. शेतात एक शब्द सुचला नव्हता त्याला, पण जेवणाचं त्याला सगळं येत होतं, तेच तर खाऊन वाढला होता. बोटाने माशाच्या पोटाकडची बाजू दाखवत होता, काटे कुठे आहेत ते सांगत असणार. मुळा, टोफू, परत अळकुडी. त्याने आम्हाला काहीच भाषांतर करून सांगितलं नाही, आणि प्रसादनेही विचारलं नाही. मधेच फुमिकोबाई डोळे पुसता पुसता फिसकन हसल्या. काय म्हणाला ते नंतर कळलं: अळकुड्यांत आईने नेहमीसारखं मीठ जास्त घातलंय, चालवून घ्या.

मग तीच पानं सगळ्यांनी वाटून खाल्ली. माझ्या वाट्याचा मासा प्रसादने खाल्ला.

परत

निघायच्या दिवशी फुमिकोबाई बस थांब्यापर्यंत आल्या. ताकेशीने फ्लॅटचं बोलणं काढलेलं दिसलं नाही. गाडीत प्रसादने विचारलं तर तो म्हणाला, देव फेब्रुवारीपर्यंत घरात आहेत, पाहुण्यांसमोर घर मोडायचं कसं बोलू? मला वाटलं, सबब आहे. पण फेब्रुवारीत एका रविवारी तो जेवायला आला, आमटी ओरपली, आणि सांगितलं की रजा टाकलीय, देवांना शेतावर पोचवायला जातोय. आईने फोनवर शब्द सांगायला सुरुवात केलीय, म्हणाला, तो ऐकून ऐकून पाठ करतोय. पुढचं काय ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. जाताना दारात चपला घालता घालता विचारलं, आज्जी, तुमच्या गौरीला निघताना काय म्हणता? म्हटलं, एवढंच म्हणतो, पुन्हा ये.

आता तुझं, शालू. भाद्रपदाला अजून अवकाश आहे. मेधाला मी सांगून टाकलंय, यंदा खडे मी आणणार. ती म्हणाली, आई, तुम्ही मनात आणलंत ना, झालं मग. सई म्हणाली, "आज्जी कॅन लाह." उबीनची होडी हलते, पण होडीवाला म्हातारा हात देतो. किनाऱ्यावर खडे छान गुळगुळीत आहेत, ते डोळ्यांनी निवडायचे नसतातच, हातात घेऊन बघायचे असतात. तेवढं काम तुझं. आणि मुक्याने आणायचे हा नियम मी यंदा मोडणार आहे. इथे फळी आहे, इथे पाणी, ही बसची पायरी, हा एमआरटीचा सरकता जिना, उजवा हात कठड्यावर ठेव, आता आपलं दार, उंबरा नाही हो इथे, सरळ ये. सगळ्या वाटेत मी बोलत राहीन. मला ते जमतं, तू जन्मभर त्यावरून चिडवलं आहेस.

पानात काय काय वाढलंय तेही सांगेन. तू नुसती ये. पासपोर्टचं नीताला आजच सांग, आणि लवकर ये.